लायलॅकची पाटी

शाळेच्या वार्षिकासाठी काहीतरी लिहून द्यावे, असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा मी कलमांना पाणी घालीत होतो. लेखणीपेक्षा कात्रीची सवय मला अधिक. तरीही ज्या शाळेने मला लिहावयास शिकविले, तिचा शब्द मोडवेना. विद्वत्तेचा विषय मजपाशी नाही. म्हणून माझ्या विद्यार्थिदशेत घडलेली व आजवर घराबाहेर फारशी न सांगितलेली एक गोष्टच येथे सांगतो.

आमची रोपवाटिका नाशिकास, गंगापूर रस्त्याच्या आतल्या बाजूस, वीस गुंठे जमिनीवर आहे. मोगल अमदानीत ह्या शहरास गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे शहर, म्हणत असत. वडील हे नाव मोठ्या अभिमानाने सांगत. आमच्याकडे मुख्य पीक गुलाबाचे. त्यांत दोन प्रकार असत. एक नवे, मोठ्या फुलांचे, लांब देठांचे. ते डोळा भरून तयार करावे लागत. दुसरे जुने, म्हणजे गावठी गुलाब आणि एडवर्ड. ह्यांचे फूल लहान व देठ आखूड. पण वास असा की, टोपली झाकली तरी लपत नसे. हे पाकळ्यांसाठी, गुलकंदासाठी व देवपूजेसाठी जात. पेन्सिलीएवढी जाड फांदी तोडून मातीत खोचली की ते लागत.

डोळा भरण्याचे काम वडील थंडीत करीत. आधी काटक गुलाबाचे रोप वाढवावयाचे. त्याला खुंट म्हणतात. त्याच्या सालीस इंग्रजी 'टी' अक्षरासारखा छेद द्यावयाचा, हव्या त्या जातीचा डोळा सालीसकट त्यात सरकवावयाचा आणि केळीच्या ओल्या सोपटाने बांधावयाचा. तीन आठवड्यांत डोळा हिरवा राहिला तर साधला. काळा पडला तर मेहनत फुकट. साधल्यावरही एक धोका उरतोच. मालकाने दुर्लक्ष केले की बांधाच्या खालून खुंटाची फूट येते, वरचा गुलाब उपाशी मरतो आणि पुढे झाड निराळेच फूल देऊ लागते.

प्रत्येक वाफ्याशी वडिलांनी पत्र्याची पाटी रोवलेली असे व तीवर झाडाचे नाव रंगाने स्वतःच्या हाताने लिहिलेले असे. नाव ठाऊक नसलेल्या झाडापुढे ते कोरी पाटी ठेवीत. परंतु अंदाजाने नाव लिहीत नसत. ते म्हणत, "भाजीवाल्याची लबाडी संध्याकाळी कळते, कापडवाल्याची पहिल्या धुण्यात कळते, रोपवाल्याची कळावयास तीन वर्षे लागतात. म्हणून त्यानेच सर्वांत अधिक जपावे." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले होते की, ते मला ऐकू येईनासे झाले होते.

1974 सालच्या जून महिन्यातली गोष्ट. मी नववीत होतो. वडील खत आणावयास गेले होते व दुकान माझ्यावर होते. पहिला पाऊस नुकताच पडला होता. अशा वेळी एक वृद्ध बाई आल्या. त्या शिक्षिका होत्या व निवृत्त होऊन पंचवटीत राहत होत्या. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, त्यांच्या आईच्या अंगणात होता तसा जुना गुलाब. गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचा, फार सुवासिक. आमचे जुने गुलाब त्या दिवशी संपले होते. दुसरी गोष्ट ऐकून मी चमकलो. त्यांनी विचारले, "तुझ्याकडे लायलॅक मिळेल का रे? तीस वर्षे मी मुलांना इंग्रजी कवितांतून लायलॅक शिकविला. पण डोळ्यांनी पाहिलेला नाही."

आता माझ्या शहाणपणाची कथा ऐका. शाळेच्या ग्रंथालयात बागांविषयी एक इंग्रजी पुस्तक होते. त्यात मी वाचले होते की, आपल्या बकाण निंबास इंग्रज लोक 'पर्शियन लायलॅक' म्हणतात. बकाणाची रोपे आमच्या कुंपणाशी पुष्कळ होती. रुपया दीड रुपयास जात. त्याच पुस्तकात खऱ्या लायलॅकचे चित्रही होते. त्याचे पान अखंड व बदामाच्या आकाराचे. बकाणाचे पान कडुनिंबासारखे बारीक दलांचे. दोन्ही मी पाहिले होते. दोन्ही एक नव्हेत हे मला समजत होते. तरी "छापील पुस्तकात तसे नाव आहे ना!" अशी मी मनाची समजूत घातली, एका पाटीवर सुबक अक्षरांत 'लायलॅक' असे लिहिले, ती बकाणाच्या रोपास बांधली आणि बारा रुपये घेतले. बाईंनी रोप दोन्ही हातांनी उचलून रिक्षात ठेवले. त्यांचा तो आनंद पाहून मला वाईट वाटावयास हवे होते. वाटला तो केवळ माझ्या हुशारीचा अभिमान.

दिवाळीत वडील वर्षाची वही तपासावयास बसत. 'लायलॅक, नग 1, रुपये 12' ह्या ओळीवर त्यांचे बोट थांबले.

"हे काय विकलेस?"

मी पुस्तकाचा दाखला दिला. वडिलांनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग एकच प्रश्न विचारला, "त्यांच्या घरी लहान मुले येतात का?"

बाई घरी शिकवण्या घेतात हे मला ठाऊक होते. तसे सांगताच त्यांचा चेहरा बदलला. बकाणाची पिवळी फळे मण्यांसारखी दिसतात व ती पोटात गेल्यास विषबाधा होते. मुलांना व जनावरांना त्यापासून जपावे लागते. ज्याला बकाण ठाऊक आहे तो जपतो. ज्याच्या अंगणात 'लायलॅक' आहे तो कशाला जपेल? खोट्या नावाने मी केवळ बारा रुपये घेतले नव्हते. त्या घराची सावधगिरीही काढून घेतली होती. हे त्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी मला सायकलवर पुढे बसविले. गोदावरीचा पूल ओलांडेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. बाईंच्या अंगणात बकाण माझ्या डोक्याच्या वर गेला होता आणि त्याच्या खोडाशी माझी सुबक पाटी जशीच्या तशी होती. वडील म्हणाले, "बाई, सांगणारा हा आहे." आणि ते बाजूस उभे राहिले.

मी सर्व सांगितले. कसे सांगितले ते आता आठवत नाही. मान खाली होती एवढे आठवते. बाई काही वेळ झाडाकडे पाहत राहिल्या. नंतर त्यांनी वडिलांना विचारले, "मग खरा लायलॅक इथे कधी येईल?"

"इथे तो फुलणार नाही, बाई," वडील म्हणाले. "त्याला हिवाळाभर कडक थंडी लागते. काश्मिरात तो होतो. आपल्याकडे पहाटे थंडी पडते, पण दुपारी ऊन तापते. माझ्याकडे रोप असते तरी मी आपणास दिले नसते." त्यांनी बारा रुपये ओट्यावर ठेवले, फळांविषयी बजावले आणि झाड उपटून नेण्याची तयारी दाखविली. बाईंनी पैसे घेतले. परंतु झाड ठेवून घेतले. म्हणाल्या, "वाढलेल्या झाडाचा काय अपराध? फळे धरली की मी घोस कापून टाकीत जाईन."

निघताना वडिलांची नजर भिंतीकडच्या एका गुलाबाकडे गेली. बाई म्हणाल्या, "तो राहू द्या. भावाने महागाचा गुलाब आणून लावला होता. तो मेला आणि हे काहीतरी रानटी उगवले." वडील खाली बसले, बुंध्याची माती बाजूस केली, बांधाची जुनी गाठ पाहिली व एक फूल तोडून त्यांच्या हाती दिले. "हे रानटी नव्हे. वरचा डोळा मेला आणि खालचा खुंट वाढला. पण हा खुंट एडवर्डचा आहे. मेलेल्या गुलाबापेक्षा ह्याचे घराणे जुने." बाईंनी फूल नाकाशी नेले. पुष्कळ वेळाने त्या म्हणाल्या, "माझ्या आईच्या अंगणातला हाच." माझ्या वडिलांनी ह्यावर होकार दिला असता तर ते किती गोड दिसले असते! पण ते म्हणाले, "ते मी सांगू शकत नाही, बाई. ते अंगण मी पाहिलेले नाही. हा एडवर्ड आहे, इतके मात्र खरे."

पुढे मी ह्याच धंद्यात पडलो व मिळेल ते वाचीत गेलो. एडवर्डचे मूळ हिंदी महासागरातील बूर्बाँ बेटाकडे, म्हणजे आजच्या रीयुनियनकडे, नेतात. चिनी गुलाब व दमास्क गुलाब ह्यांच्या संकरातून तो निपजला असे मानतात. 1867 साली 'ला फ्रान्स' हा गुलाब निघाला. त्यापूर्वीच्या गुलाबांच्या घराण्यांना जुने गुलाब म्हणण्याची रीत आहे. लायलॅक ह्या शब्दाचे मूळ तर फारसीतील 'नीलक' ह्या शब्दात, आणि त्याचे मूळ आपल्या 'नील' ह्या शब्दात आहे! म्हणजे परक्या वाटणाऱ्या त्या झाडाच्या नावात रंग आपलाच होता.

लायलॅकची नवी वाणे काढणारे व्हिक्टर लमॉइन ह्यांची हकीकतही मला फार आवडते. 1870 साली फ्रान्समधील नान्सी शहर प्रशियन सैन्याच्या ताब्यात होते. त्या दिवसांत ह्या माळ्याने घरच्या लायलॅकवर संकराचे प्रयोग चालविले. त्यांची दृष्टी मंद झालेली. म्हणून शिडीवर चढून फुलाफुलावर पराग लावण्याचे काम त्यांच्या पत्नीने केले. बी धरावयाचे, पेरावयाचे आणि त्या रोपास पहिले फूल येईपर्यंत वर्षामागून वर्षे थांबावयाचे. आज केलेल्या कामाचा खरेखोटेपणा इतक्या उशिरा कळतो, तेथे माणसाचा स्वतःवरच पहारा असावा लागतो.

आज गिऱ्हाईक हातातील फोनवर गर्द निळ्या गुलाबाचे चित्र दाखवितात आणि तसेच रोप मागतात. असा गुलाब झाडावर उगवत नाही, असे मी सांगतो. काही जण रागावून दुसरीकडे जातात. त्यांतले काही दोनतीन वर्षांनी परतही येतात.

त्या बाईंचा बकाण तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये फुलला. फिक्या जांभळ्या रंगाचे, मंद वासाचे घोस आले. बाईंनी आम्हा दोघांना मुद्दाम बोलावून ते दाखविले. झाडाशी वडिलांच्या हातची नवी पाटी होती: 'बकाण निंब. फळे विषारी.' माझी जुनी पाटी वडिलांनी त्या दिवाळीतच घरी आणून गल्ल्याच्या वर खिळ्यास अडकविली होती. वडील गेले, गल्ला आता माझ्या हाती आहे. पाटी अजून तेथेच आहे. तिचे अक्षर फार सुबक आहे, असे नवे गिऱ्हाईक म्हणते. मग मी त्यास ही गोष्ट सांगतो.