एका गिऱ्हाइकाला एकच

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. निशी-कासाई, टोकियो

ताईची यादी आली. दरवर्षीचंच सामान: पाठदुखीच्या पट्ट्या, चांगलं नेलकटर, माचाचं किटकॅट. शेवटी भाचीने स्वतः भर घातली आहे, ‘मावशी, उत्सुरुन्देसु. दहा तरी.’

नोव्हेंबरअखेर तिचं लग्न आहे पुण्यात. रिसेप्शनला प्रत्येक टेबलावर एकेक उत्सुरुन्देसु, म्हणजे फुजीचा एकदाच वापरायचा रोलवाला कॅमेरा ठेवायचा, पाहुण्यांनी एकमेकांचे फोटो काढायचे, असा बेत. तीन भिंगांचा फोन खिशात असताना या मुलीला प्लास्टिकच्या एका भिंगाचा डबा हवा आहे. मी ‘आणते’ म्हणून टाकलं. जपानात हा कॅमेरा म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी वस्तू, अशीच माझ्या डोक्यातली जुनी ओळख.

२८ सप्टेंबर, शनिवार

अकिहाबारातल्या मोठ्या दुकानात फिल्मचा कप्पा जवळजवळ रिकामा. आकड्यांना नुसती किमतीची चिठ्ठी लटकलेली आणि खाली पाटी: एका गिऱ्हाइकाला एकच. तो एकसुद्धा काउंटरवर मागून घ्यावा लागला. किंमत दोन हजार येनांच्या वर. १९८६ च्या जुलैत हा पहिल्यांदा बाजारात आला तेव्हा १,३८० येनांना होता.

माझ्यापुढे शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली होत्या. दोघींनी एकेक घेतला आणि जिन्यावरच फोडून एकमेकींचे फोटो काढले. फ्लॅश न लावता. आत अंधार होता, काही येणार नाही त्यात. सांगावंसं वाटलं, पण इथे अनोळखी माणसाला कुणी असं सांगत नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना

घट बसवला, ऑफिस केलं, आणि रात्री तो डबा नीट पाहत बसले. नवऱ्याच्या मते हे खेळणं आहे. मला पटत नाही.

याच्यात फिल्म उलटी भरलेली असते. कारखान्यातच ती अंधारात डबीतून पूर्ण बाहेर ओढून पलीकडच्या बाजूला गुंडाळून ठेवतात. आपण दातेरी चक्र फिरवलं की एकेक फोटो डबीच्या आत परत जातो. म्हणून आकडा सत्तावीसपासून खाली उतरतो, आणि मध्येच डबा कुणी उघडला तरी काढून झालेले फोटो सुरक्षित. लग्नाच्या मांडवात, जिथे चार वर्षांची पोरंही हे हाताळणार, याहून शहाणी रचना कुठली?

दुसरी गंमत भिंगामागे आहे. एकच साधं भिंग कडांना नीट फोकस करू शकत नाही. महागड्या कॅमेऱ्यात त्यासाठी भिंगांची उतरंड लावतात. इथे फिल्मलाच किंचित बाक दिला आहे. भिंग सुधारायचा खर्च वाचला. फोकस नाही, शटरचा वेग बदलता येत नाही, काहीच ठरवायचं नाही. एक मीटरपासून पुढचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट, फ्लॅश पोचतो तीन मीटरपर्यंत. जपानी दुकानदार याला कॅमेऱ्यांत धरतही नाहीत, भिंग लावलेली फिल्म म्हणून विकतात. फोटो काढून झाले की अख्खी वस्तू धुवायला द्यायची.

आपल्याकडे याची सवय कधी लागलीच नाही. आमच्या घरी कोडॅकचा केबी-१० होता, आणि बाबा छत्तीसचा रोल गणपती ते दिवाळी पुरवायचे. कॅमेराच परत करायचा, ही कल्पना त्यांना भयंकर वाटली असती.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

भाचीचा फोन: “मावशी, एवढी मागणी आहे तर कंपनी जास्त का नाही बनवत?” प्रश्न रास्त आहे.

शिगेताका कोमोरी २००० साली फुजीचे अध्यक्ष झाले, आणि जगभरची रोलची विक्री त्याच वर्षी शिखरावर होती. तिथून ती दरवर्षी अशी कोसळत गेली की दहा वर्षांत दहावा हिस्सासुद्धा उरला नाही. फुजी तगली ती फिल्ममधून पाय काढून. एलसीडी पडद्यांना लागणारी पातळ फिल्म, औषधं, वैद्यकीय यंत्रं, आणि पुढे चक्क सौंदर्यप्रसाधनं. फिल्मच्या थरात कोलॅजनचं जिलेटिन असतं आणि रंग विटू नयेत म्हणून केलेला अभ्यास असतो, तोच चेहऱ्याच्या क्रीमला कामी आला. माझ्या जाऊबाई तेच क्रीम मागवतात! कोडॅकला वळायला उशीर झाला, २०१२ च्या जानेवारीत त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला.

मग तरुणांना पुन्हा फिल्म आवडू लागली. पण रंगीत फिल्म म्हणजे दहाहून जास्त थर, सगळे मिळून केसापेक्षा पातळ, आणि ते मिट्ट काळोखात धावत्या पट्टीवर चढवायचे. हे काम खोलीभर यंत्रात होत नाही, त्याला इमारती लागतात. काळ्या-पांढऱ्या फिल्ममधली मुरलेली इंग्लंडची हार्मन कंपनीसुद्धा स्वतःची रंगीत फिल्म २०२३ च्या डिसेंबरात कुठे आणू शकली, आणि तिचे रंग अजून लहरी आहेत. आपला उटीचा हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना तर केव्हाच बंद पडला. असं कौशल्य एकदा पांगलं की जाहिरात देऊन परत येत नाही.

मला विचाराल तर फुजीचं बरोबर आहे. एकदा पोळलेली कंपनी इन्स्टाग्रामच्या भरवशावर नवा कारखाना उभारणार नाही. हौस आणखी पाच वर्षं टिकेल याची हमी कोण देणार? किंमत वाढवत जायची आणि आहे तेवढ्या यंत्रावर भागवायचं. भाचीला हे सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे माझे दहा होणार नाहीत?”

२० ऑक्टोबर, रविवार

कोडॅकने नोव्हेंबरात रॉचेस्टरचा कारखाना काही आठवडे बंद ठेवून यंत्रं सुधारायचं ठरवलं आहे. सिनेमाची फिल्मही तिथेच बनते. तुटवड्यात मुद्दाम बंद ठेवायचं, म्हणजे पुढच्या मागणीवर त्यांनी पैसे लावले आहेत. माझा अंदाज इतक्या लवकर डळमळेल असं वाटलं नव्हतं. तरी फुजीबद्दलचं मत तेच.

ऑफिसातल्या एका ज्येष्ठ बाई म्हणाल्या, “धुवायला दिलेल्या डब्यांचं पुढे काय होतं, माहीत आहे?” दुकानं ते परत पाठवतात. फुजीने १९९० च्या दशकातच आशिगाराच्या कारखान्यात यासाठी वेगळी व्यवस्था उभारली. फ्लॅशचे भाग तपासून पुन्हा वापरतात, प्लास्टिक वितळवून पुन्हा ओततात. विकलेला डबा परत येईल, हे धरूनच ही वस्तू घडवली आहे.

आणि पर्यटक काय करतात? बॅगेत भरतात आणि नेतात. मीही तेच करणार. पाटी लावणाऱ्या दुकानदारावर मी मनात चिडले होते. आता त्या पाटीमागे मला थोडी शिस्त दिसते.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

ओळखीच्यांनी आपापल्या वाट्याचा एकेक आणून दिला, असे सहा जमले. पुरे.

विमानतळाचं बघून ठेवलं. चेक-इन बॅगेत मुळीच ठेवायचे नाहीत, तिथलं क्ष-किरण यंत्र फिल्म धुरकट करतं. हातातल्या सामानालाही आता बऱ्याच ठिकाणी सीटी स्कॅनर आहेत, त्यांनीही तेच होतं. पारदर्शक पिशवीत ठेवून हाताने तपासायची विनंती करायची. ऐकलं तर ऐकलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

भाचीने एक व्हिडिओ पाठवला: स्क्रू-ड्रायव्हरने डबा फोडून रोल काढायचा, म्हणजे पुण्यातच धुता येईल. मी घाईने फोन लावला. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे तीनशे व्होल्ट साठतात आणि सेल काढला तरी लगेच जात नाहीत. मांडवातला एखादा उत्साही चुलतभाऊ हात घालायचा.

मग मी माझी अट सांगितली. सहाही डबे लग्नानंतर मी परत टोकियोला आणणार, इथे धुवायला देणार, फोटो फोनवर पाठवणार. फुजीचे डबे फुजीला मिळतील.

“म्हणजे फोटो डिसेंबरात?”

“हो. आणि निगेटिव्ह पोस्टाने.”

मागून ताईचा आवाज आला, “अगं, रिकामी डबडी विमानाने परत नेणार? लोणचं कुठे ठेवशील मग?”

लोणच्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. भाची मात्र तयार आहे, तिने टेबलांवर ठेवायच्या चिठ्ठ्यांचा मजकूर मागितला. पाठवला: फ्लॅशचं बटण आधी दाबा, दिवा लागू द्या. तीन मीटरच्या आत उभे राहा. बोट भिंगावर नको. कॅमेरा घरी नेऊ नका.