सापाला पिशवी कशी हवी?

पावसाळ्यात नाणेघाट चढायला येणारी कल्याण-बदलापूरची पोरं आमच्या वैशाखऱ्यात उतरतात. माझ्या गाडीला अडकवलेला हूक पाहिला की त्यांच्यातला एखादा हमखास विचारतो, "काका, साप पाळायचा तर काचेची पेटी केवढी घ्यायची?" मी म्हणतो, कुठलीच नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्या रानातला नाग, धामण, अजगर घरात ठेवला तर गुन्हा दाखल होतो. बॉल पायथनसारखे परदेशी साप बाळगणाऱ्यांनाही २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. एवढं ऐकून पोरं हिरमुसतात आणि घाटाकडे चालू लागतात.

प्रश्न मात्र चांगला असतो. कुणाच्या तरी माजघरातून उचललेला साप रानात सुटेपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्यापुरतं आम्हा सर्पमित्रांनाही त्याला घर द्यावं लागतं. बघ्यांना साप पकडणं मोठं वाटतं. माझ्या मते त्याचं निम्मं काम पिशवी निवडतानाच झालेलं असतं.

ऐसपैस, उजेडाची जागा माणसाला आवडते. सापाला अंधारी, थंड आणि अंगाला चहूबाजूंनी टेकणारी जागा लागते. आमच्याकडच्या कारवीच्या कुडाच्या घरांत तो सापडतो तोही भाताच्या कणगीमागे, चुलीच्या लाकडांत किंवा उंदरानं पोखरलेल्या जोत्यात. उंदरामागे आलेला असतो आणि जागा पटली म्हणून थांबलेला असतो. त्याची ही आवड ओळखली की शेपटी धरून हिसकाहिसकी करावी लागत नाही. काळ्या, जाड सुती कापडाची लांब पिशवी घ्यायची आणि तिच्या तोंडाला पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घट्ट बांधायचा. पिशवी भिंतीच्या कडेला जमिनीवर टाकायची, नागाला हुकानं हलकेच त्या दिशेला वळवायचं आणि गप्प उभं राहायचं. बीळ दिसलं असं समजून तो आपणहून आत शिरतो. यात बघण्यासारखं काही नसतं. मोबाइल काढून उभ्या राहिलेल्या मंडळींचा हिरमोड होतो, तो होऊ द्यावा.

शिवण पिशवीच्या बाहेरच्या बाजूला हवी. आतले सुटे दोरे सापाच्या दातांत आणि खवल्यांत अडकतात. नुसती नाडी ओढून तोंड बांधणं मला पटत नाही. पिशवीचा वरचा भाग पिळायचा, दुमडायचा आणि मग दोरी आवळायची. मण्यारीचं डोकं मानेहून फारसं रुंद नसतं, तिला बोटभर फट पुष्कळ होते. दिवसा ती डोकं वेटोळ्यात खुपसून पडून राहते, म्हणून लोक तिला गरीब समजतात. रात्री तिचा नूर वेगळा असतो. शिवाय ती दुसरे साप खाते, नागही खातो. त्यामुळे एका पिशवीत दोन साप कधीच नकोत, मग पिशवी कितीही मोठी असो.

घोणशीला एकटी पिशवी पुरत नाही. तिचे विषदात लांब असतात आणि ती कापडातून डसते. पिशवी मांडीवर किंवा पाठीवरच्या सॅकमध्ये घेऊन निघालेला सर्पमित्र पाहिला की माझ्या अंगावर काटा येतो. पिशवी प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात ठेवावी. डब्याला भोकं पाडताना ती आतून बाहेर पाडावीत, म्हणजे धारदार कंगोरे सापाच्या बाजूला राहत नाहीत. पावसाच्या तोंडाला, राब भाजून झाल्यावर सापडणारी जाड घोणस बहुधा मादी असते. घोणस अंडी घालत नाही, तिला पिल्लंच होतात, एका वेळी वीस-तीसही. आपल्या पिशवीतच ती विणार नाही, याची खात्री कुणी द्यावी? तिच्यासाठी मी मोठा डबा राखून ठेवतो आणि रस्त्यात कुठं चहाला थांबत नाही.

धामणीची तऱ्हा निराळी. बिनविषारी, पण सहा-सात फूट लांब आणि तापट. कुणीतरी तिला कोंबड्यांच्या जाळीच्या खुराड्यात कोंडतं आणि मग फोन करतं. उजेडात, चारी बाजूंनी माणसं दिसत असताना ती सुटण्यासाठी जाळीवर तोंड घासत राहते आणि नाकाडाची सालटं निघतात. हरणटोळ काडीएवढा नाजूक. त्याच्या पिशवीत पाल्याची फांदी टाकली की तो तिला धरून बसतो.

सगळ्यात जास्त साप मात्र बरणीत हाल सोसतात. आम्ही पोचेपर्यंत घरच्यांनी साप प्लास्टिकच्या बरणीत घालून झाकण लावलेलं असतं, आणि बरणी अंगणात, उन्हात. सापाला घाम येत नाही, अंगाची उष्णता तो जागा बदलून सांभाळतो. बरणीत बदलायला जागाच नसते. मोटारसायकलच्या तापलेल्या डिकीतही तेच होतं.

मातीच्या मडक्याबद्दल मला आदर आहे. चेन्नईजवळ वडनेम्मेलीला इरुळा आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे. प्रतिविषासाठी लागणारं विष ती पुरवते. तिथं साप मडक्यात ठेवतात, तळाशी वाळू आणि तोंडाला सुती कापड. मडकं गार राहतं, अंधारं असतं, हवा खेळती राहते. तीन आठवड्यांत चार वेळा विष काढून साप परत रानात सोडतात. आपल्याकडे बत्तीस शिराळ्यातही नागपंचमीआधी नाग मडक्यांतच ठेवत. तिथल्या जिवंत नागांच्या मिरवणुकीवर पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशानं बंदी आली. भांडं तेच, फरक हेतूचा आणि वेळेच्या हिशेबाचा.

काचेच्या खोलीचा प्रयोगही महाराष्ट्रानं पाहिला आहे. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. उगाच छेडल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांना दिसलं. कात्रजचं सर्पोद्यानही त्यांच्याच खटपटीतून उभं राहिलं. त्या प्रयोगाचं मोल मी मानतो. पण आज रीलसाठी नागाचा मुका घेणाऱ्यांनी त्यांचं नाव सांगू नये.

घर कुठलंही असो, त्यातला मुक्काम लांबवू नये. साप दाखवायला शाळेत नेऊ, उद्या सुट्टी आहे तेव्हा सोडू, असं म्हणत पिशवी खुंटीला टांगून ठेवणारे आमच्यातही आहेत. सोडायचा तोही जवळच. वैशाखऱ्यातला साप माळशेजच्या जंगलात नेऊन सोडणं पुण्याचं काम वाटतं, पण सापाला आपला टापू, त्यातली बिळं आणि पाणी माहीत असतं. कर्नाटकात आगुंबेला नागराजांच्या अंगात रेडिओ ट्रान्समीटर बसवून केलेल्या अभ्यासात, दूर नेऊन सोडलेला नागराज स्थानिक नागराजापेक्षा कितीतरी जास्त भटकत राहिल्याचं दिसलं. म्हणून मी पकडल्याची खबर वनखात्याला देतो आणि त्याच शिवारातला ओढा किंवा बांधाची झुडपं गाठतो. पिशवीचं तोंड झुडपाकडे करून खालचा कोपरा हुकानं उचलायचा आणि मागं व्हायचं.

तुमच्या घरात साप निघालाच तर बरणी शोधत बसू नका. पोरांना, जनावरांना बाजूला घ्या, लांबून नजर ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. कुणाला डसलाच, तर गाडीसाठी १०८. साप पकडून दवाखान्यात नेण्याची गरज नसते.