लिनोलियमची पट्टी

लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये एकेकाळी उभ्या असलेल्या एका बंगल्याबद्दल वाचत होते. खांब, छपरं, मालक, वारस असं सगळं भराभर चाललं होतं आणि एका किरकोळ तपशिलापाशी मन अडकलं. पहिल्या महायुद्धात त्या बंगल्यात अंध झालेल्या सैनिकांची शाळा होती, आणि त्यांना वाट कळावी म्हणून आत जमिनीवर लिनोलियमच्या लांब पट्ट्या अंथरल्या होत्या. पायाखाली पट्टी आहे तोवर चालत राहायचं. स्पर्श बदलला की थांबायचं. बाहेर बागेत वाटांच्या कडेने कठडे लावलेले होते.

तो बंगला खरं तर केवळ डोळ्यांसाठी बांधलेला. पुढे चौथा जॉर्ज झालेल्या राजपुत्रासाठी जॉन नॅशने 1811 पासून या बागेचा आराखडा रचायला घेतला, तेव्हा त्यात 56 बंगले होते. प्रत्यक्षात जेमतेम आठ झाले. पण कल्पना अशी की झाडी, तळं, चढउतार यांची योजनाच अशी करायची की एका बंगल्यातून दुसरा दिसू नये, आणि प्रत्येकाला खिडकीतून पाहताना सगळी बाग आपलीच वाटावी. त्या काळातली ही घरं मला मनापासून आवडतात. आधीच्या पिढीच्या वाड्यांइतकी ती भारदस्त नाहीत, नंतरच्या व्हिक्टोरियन घरांसारखी दागिन्यांनी वाकलेलीही नाहीत. विटांवर गुळगुळीत गिलावा, फिकट रंग, जमिनीपर्यंत उतरलेल्या खिडक्या. उजेडाला आत येण्यासाठी वाकावं लागत नाही.

आपला बंगला डेसिमस बर्टनने 1825 मध्ये रचला. तो तेव्हा पंचविशीचा होता. बांधकाम व्यवसायातल्या बापाचं हे दहावं अपत्य. पुढे त्याने क्यू बागेतलं ताडांचं काचघर लोखंडकाम करणाऱ्या रिचर्ड टर्नरच्या जोडीने उभं केलं. इथे त्याने दर्शनी बाजूला सहा खांबांचा मंडप घातला आणि त्या खांबांची धाटणी घेतली अथेन्सच्या पवनमनोऱ्यावरून. दोन्ही बाजूंच्या भागांवर काचेचे कंदील, म्हणजे छपरातून उजेड खाली सोडणारे उंचवटे. अथेन्सचा तो मनोरा मुळात घड्याळाचा. भिंतींवर सूर्यघड्याळं, पोटात पाण्याचं घड्याळ. मालक हर्टफर्डचा तिसरा मार्क्विस. कादंबरीकार थॅकरेने ‘व्हॅनिटी फेअर’मधला लॉर्ड स्टेन त्याच्यावरून बेतला असं मानतात, म्हणजे माणूस काही फार साजरा नसावा. पण त्याची एक गोष्ट मला फार आवडते. फ्लीट स्ट्रीटवरच्या सेंट डन्स्टन चर्चवर 1671 पासून एक घड्याळ होतं. त्यात दोन राक्षस गदांनी घंटांवर टोले देत. लहानपणी शहाण्यासारखं वागल्याबद्दल बक्षीस म्हणून त्याला हे राक्षस दाखवायला नेत, आणि मोठा झालो की मी हे विकत घेणार असं तो म्हणे, अशी कथा सांगतात. रस्ता रुंद करण्यासाठी जुनं चर्च पाडायला काढलं, तेव्हा 1830 मध्ये त्याने खरोखरच ते लिलावात घेतलं आणि बागेतल्या बंगल्याला लावलं. बंगल्याचं नावच सेंट डन्स्टन्स पडलं. डोळ्यांसाठी बांधलेल्या त्या घरात कानांसाठी एवढी एकच गोष्ट आली, तीही एका पोराच्या हट्टापायी.

1915 साली बंगला ओटो कान या अमेरिकन बँकरच्या ताब्यात होता. तो त्याने सर आर्थर पिअरसनना वापरायला दिला. पिअरसन वृत्तपत्रांचे मालक, ‘डेली एक्स्प्रेस’ त्यांनीच काढलेलं. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. आंधळ्याने आता कोपऱ्यात बसावं, लोकांनी त्याची कणव करावी, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. इस्पितळातल्या खाटेवरच्या सैनिकाला ते आधी ब्रेलचं घड्याळ देत. बोटाने काटे चाचपायचे आणि कुणाला न विचारता वेळ सांगायची. मला यातलं शहाणपण फार मोलाचं वाटतं. डोळे गेले की पहिल्यांदा हातचा जातो तो दिवस. तो आधी परत द्यायचा, बाकीचं सावकाश.

काचबिंदू म्हटलं की मला आजी आठवते. साताऱ्याकडच्या आमच्या घरात ती शेवटची काही वर्षं काहीही न दिसता वावरली, आणि पाहुण्यांना ते पटकन कळायचंही नाही. ओसरीला शहाबादी फरशी होती, उन्हाळ्यातही गार. माजघर शेणाने सारवलेलं. पावलाला मऊ, आणि नुकतं सारवलं असलं तर किंचित चिकट. न्हाणीत खडबडीत दगड. मधल्या चौकात तुळशीकडे जाणारी वाट जराशी उताराची. उंबरठे तर प्रत्येक दाराचे वेगळे. माजघराचा उंच, मधोमध झिजलेला. देवघराचा बुटका, त्यावर पितळेची पट्टी. आजी उंबरठ्यावर पाय न देता फक्त अंगठा टेकवी आणि पुढे जाई. ती घरात चालत असे ती थेट, हात पुढे न करता, पदर सावरत. शेजारणी म्हणायच्या, हिला दिसतं थोडंथोडं. काही दिसत नव्हतं.

मग थोरल्या काकांनी तिच्याच काळजीपोटी घराची डागडुजी काढली. म्हातारं माणूस, अडखळून पडेल, कंबर मोडेल म्हणून उंबरठे काढले आणि ओसरीपासून न्हाणीपर्यंत सगळीकडे एकसारखी मोझेक फरशी घातली. घर खरोखर छान दिसायला लागलं. आम्हा पोरांना तर घसरायला मैदानच मिळालं. आणि आजी घराच्या मधोमध उभी राहायला लागली. एकदा भर दुपारी ती अशीच थांबली होती, दोन्ही हात किंचित पुढे केलेले. हात पुढे केलेली आजी मी पहिल्यांदाच पाहिली. ती आईला म्हणाली, “अगं, मी देवघरात आहे का न्हाणीत? पायाला काही सांगतच नाही गं हे.” आईने उत्तर दिलं नाही. संध्याकाळी तिने धान्याचं एक रिकामं पोतं उसवलं, त्याचे तुकडे कापले आणि दारादारात एकेक अंथरला. देवघरापुढे दुहेरी घडी. काकांना ते गबाळं वाटायचं, पाहुणे आले की ते तुकडे उचलून ठेवायचे. आई परत आणून टाकायची. यावरून घरात बरीच कुरबूर झाली. आजी मात्र दोन दिवसांत पुन्हा हात खाली सोडून चालायला लागली.

म्हणून ती पट्टी वाचताना मला बर्टनच्या देखण्या दालनांची जमीन दिसली. घोटून गुळगुळीत केलेली, भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच. घरं बांधणारे डोळ्यांना किती देतात आणि पावलांना किती कमी! खांबांची धाटणी अथेन्सहून आणली, पण माथ्यावरची ती कोरीव पानं हाताच्या उंचीच्या कितीतरी वर. तळ्याकाठची झाडी, मापून घेतलेला देखावा, यांतलं काही त्या सैनिक पोरांच्या वाट्याला आलं नसेल. तळं मात्र आलं. ती त्यात नावा वल्हवत. आणि बंगल्यावरचे राक्षस तेव्हाही जागेवरच होते. घड्याळ फ्लीट स्ट्रीटला परत गेलं ते 1935 मध्ये. तोवर त्या घरात ठोके पडत होते, आणि ते ऐकण्याची खरी गरज असलेली माणसं शंभरेक वर्षांत प्रथमच तिथे राहायला आली होती.

शिकवत तरी काय काय! ब्रेल आणि टंकलेखन सगळ्यांना. मग टोपल्या विणणं, चटया, जोडे दुरुस्ती, सुतारकाम, टेलिफोनचा स्विचबोर्ड, मालिश. आणि कुक्कुटपालन. कोंबडी हातात घ्यायची आणि तुरा, वजन, अंगलट यांवरून कुठली ते ओळखायचं. सरदार-दरकदारांच्या मेजवान्यांसाठी सजलेल्या आवारात कामाच्या शेड उठल्या. वास्तूवर प्रेम असूनही मला याचं जराही वाईट वाटत नाही. बंगल्याच्या सगळ्या आयुष्यात एवढी कामाची वर्षं दुसरी नव्हती. पुढे शाळा बागेतल्याच सेंट जॉन्स लॉजमध्ये गेली. जुना बंगला 1936 मध्ये बार्बरा हटन या गडगंज अमेरिकन बाईने पाडून तिथे विनफील्ड हाउस बांधलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते एका डॉलरला अमेरिकन सरकारला दिलं. आज तिथे राजदूत राहतात.

त्या पट्ट्यांवरून चाललेल्यांत क्लुथा मॅकेन्झी नावाचा न्यूझीलंडचा एक पोरगा होता. 1915 मध्ये गॅलिपोलीला त्याचे डोळे गेले. दुसऱ्या महायुद्धात हाच माणूस हिंदुस्थानात आला आणि 1943 मध्ये त्याने देहरादूनला इथल्या युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी वसतिगृह काढलं. नावही तेच, सेंट डन्स्टन्स. लंडनच्या चर्चचं नाव एका घड्याळाच्या पाठीवर बसून बंगल्यात आलं आणि बंगल्यातून थेट हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचलं. तेव्हा आपल्याकडे ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती होत्या, एका शाळेत शिकलेल्याला दुसरीकडचं पुस्तक वाचता येत नसे. युनेस्कोच्या ज्या खटपटीतून 1951 मध्ये भारती ब्रेल ठरली, तिच्यातही मॅकेन्झी होते.

मराठी पुस्तकं आज त्याच लिपीत उठवली जातात. तिच्यातली एक गोष्ट मला फार पटते. छापील ‘कि’ लिहिताना आपण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतो, उच्चारात ती नंतर येते. ब्रेलमध्ये आधी क, मग इ, जसं तोंडातून निघतं तसं. पहिलीच्या पोरांना त्या वेलांटीने किती छळलंय हे शिकवणाऱ्यांना विचारा. आणि ळ म्हणजे सहा ठिपक्यांच्या घरातली उजवीकडची तीनही ठिपक्यांची उभी ओळ. बोट एकदा वरून खाली फिरवलं की झालं.