माळढोकाच्या मुलखात जाण्याआधी

जैसलमेरला जायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सोनेरी किल्ला, उंटावरची रपेट आणि वाळूतला तंबू येतो. आमच्या घरातही या हिवाळ्यासाठी जैसलमेरचा बेत शिजतो आहे, पण किल्ला त्यात शेवटी येतो. आमच्या मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी माळढोक पाहायचा आहे. तो आज जगात सर्वांत जास्त संख्येने उरला आहे तो थरच्या वाळवंटात, म्हणून आमचा मुक्काम ठरला तो तेथील मरू राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवर.

मामांचे बालपण राणेबेन्नूरकडचे. ते माळढोक म्हणत नाहीत, ‘एरेभूत’ म्हणतात. एरे म्हणजे काळी जमीन. ज्वारीच्या काळ्या रानात दुरून माणूस उभा असल्यासारखा दिसायचा आणि जवळ जाईपर्यंत नाहीसा व्हायचा, म्हणून भूत, असे त्यांचे स्पष्टीकरण. वडिलांबरोबर बैलगाडीतून जाताना त्यांनी तो अनेकदा पाहिला होता. गेल्या वर्षी दूरदर्शनवर राजस्थानातील माळढोकाची बातमी लागली, तेव्हा त्यांनी मला विचारले, “अल्लि इन्नू एरेभूत अदावेनव्वा?” तिथे अजून आहेत का, या प्रश्नाला मी ‘हो’ म्हटले आणि बेत सुरू झाला.

पण आधी आपल्याकडचे सांगायला हवे. राणेबेन्नूरला 1974 मध्ये काळवीट आणि माळढोक यांच्यासाठी 119 चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. काळवीट टिकले, माळढोक गेला. त्या भागात निलगिरीची मोठी लागवड झाली होती आणि या पक्ष्याला झाडी नको, उघडा गवताळ माळ हवा असतो. आपण मात्र माळाला ‘पडीक’ म्हणतो आणि तिथे झाडे लावली की पुण्य केले असे समजतो. सोलापूरजवळ नान्नजला 1979 मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. तिथेही आता तो क्वचितच दिसतो. कर्नाटकात गेल्या काही वर्षांतल्या मोजक्या नोंदी आहेत त्या बळ्ळारी जिल्ह्यातल्या सिरगुप्पा भागातल्या. म्हणजे जो पक्षी मामांना घरामागच्या रानात दिसायचा, तो पाहायला आता राजस्थान गाठावे लागते.

मरू राष्ट्रीय उद्यान 1980 मध्ये जाहीर झाले. जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत ते 3162 चौरस किलोमीटर पसरले आहे. आपल्या गोव्याचे क्षेत्रफळ 3702 चौरस किलोमीटर, यावरून अंदाज यावा. नाव राष्ट्रीय उद्यान असले तरी कायद्याने ते अभयारण्यच आहे. आत गावे आहेत, ढाण्या आहेत, शेळ्या-मेंढ्यांचे कळप आहेत. आणि वाळवंट म्हणजे नुसती वाळू, हाही आपला गैरसमज. वाळूच्या टेकड्या जेमतेम पाचव्या हिश्शात. बाकी खडकाळ पठार, मिठागरासारखी सपाट जमीन आणि सेवण गवताचे माळ. माळढोक राहतो तो या गवतात, टेकड्यांवर नव्हे. तेथील खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती बन्नी. तिच्याच शेंगांची सांगरी होते आणि केर-सांगरीची भाजी बाजरीच्या भाकरीबरोबर खातात. हे ऐकून मामांची निम्मी काळजी मिटली. परमुलखात भाकरी आणि बन्नी दोन्ही असतील, तर मग अडचण कसली!

बेत आखताना पहिला प्रश्न होता महिन्याचा. उन्हाळ्यात तिथे पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा तो विचारच नको. शिवाय माळढोकाचा विणीचा काळ मुख्यतः उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा. मादी सहसा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्या दिवसांत माणसांची वर्दळ नको. म्हणून डिसेंबरचा शेवट किंवा जानेवारी. दिवसा ऊन सुखाचे, पण पहाटे उघड्या जीपमध्ये कडाक्याची थंडी. मामांसाठी कानटोपी, लोकरी मोजे आणि गुडघ्यांना गुंडाळायला घोंगडी, ही यादी सासूबाईंनी आधीच करून ठेवली आहे.

दुसरा प्रश्न प्रवासाचा. बेळगावहून जोधपूरकडे थेट गाडी आहे, पण रोज नाही, तेव्हा वार पाहूनच तारखा ठरवाव्या लागतात. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते, हे लक्षात ठेवावे. वयस्कर माणूस बरोबर असेल तर जोधपूरला एक दिवस नुसती विश्रांती घ्यावी. तिथून जैसलमेर सुमारे तीनशे किलोमीटर. वाटेत फलोदीजवळ खीचन नावाचे गाव आहे. हिवाळ्यात तिथे कांड्या करकोचे हजारोंच्या संख्येने उतरतात, राजस्थानात त्यांना कुरजां म्हणतात. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दाणे घालत आले आहेत आणि 2025 मध्ये खीचनचा रामसर यादीत समावेश झाला. माळढोक दिसो न दिसो, कुरजां नक्की दिसतील, म्हणून हा थांबा मी मुद्दाम घातला आहे.

तिसरा प्रश्न होता घरातल्या मतभेदांचा. धाकट्याला सम गावच्या टेकड्यांवरचे तंबू, उंट आणि रात्रीचा नाचगाण्याचा कार्यक्रम हवा. यजमानांचे म्हणणे, पक्षी दिसेलच याची खात्री नाही, तर एवढ्या म्हाताऱ्या माणसाला एवढ्या दूर का न्यायचे? शेवटी असे ठरले की मुक्काम जैसलमेर शहरात करायचा, दवाखाना जवळ हवा म्हणून. धाकट्यासाठी एक संध्याकाळ समला. आणि दोन पूर्ण सकाळी सुदासरीला. सुदासरी हे माळढोकांसाठी कुंपण घालून राखलेले क्षेत्र, जैसलमेरपासून पन्नास-साठ किलोमीटरवर. परवानगी वन खात्याकडून घ्यायची. नियम आणि दर बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी जैसलमेरच्या वन कार्यालयात चौकशी करणे बरे. सरहद्द जवळ असल्याने प्रत्येकाचे ओळखपत्र हवेच. फोनची रेंज सगळीकडे मिळत नाही. वाटेत दुकाने नाहीत, म्हणून पाणी, दशम्या आणि मामांच्या गोळ्या एकाच पिशवीत. जीपमध्ये चढायला लाकडी पाटही नेणार आहोत.

एका सकाळऐवजी दोन सकाळी का, याचे कारण पक्ष्यांची संख्या. जगात माळढोक आता दोनशेच्याही आत उरले आहेत, असे मानले जाते, आणि त्यातले बहुतेक थरमध्ये. 3162 चौरस किलोमीटरमध्ये ते शोधायचे! तिथेही त्यांना सुख नाही. कालव्याच्या पाण्याबरोबर गवताळ माळांची शेते झाली, पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांबरोबर उच्च दाबाच्या विजेच्या तारा आल्या. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही आणि पंधरा किलोपर्यंत भरणारे जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही, म्हणून तारांना धडकून तो मरतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला होता, मार्च 2024 मध्ये त्यात बदल करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. आशेची गोष्टही आहे. सम येथे 2019 मध्ये कृत्रिम प्रजनन केंद्र सुरू झाले. रानातली अंडी आणून ती उबवली जातात, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले.

हे सगळे मामांना सांगावे की नाही, यावर आम्ही दोघे बरेच दिवस घुटमळलो. नेतो म्हणून सांगायचे आणि पक्षी दिसला नाही तर? या वयात पुन्हा प्रवास होणे नाही. शेवटी एका रविवारी जेवणानंतर मीच सगळे सांगितले. किती उरले, का उरले, न दिसण्याची शक्यता किती. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, “हक्कि काणलिल्लंद्र नेला नोडूणु.” पक्षी नाही दिसला तर जमीन पाहू. वर त्यांनी एवढेच विचारले की तिथली माती काळी आहे का. मी म्हटले, नाही मामा, पिवळसर आहे. “मग त्याला एरेभूत कसे म्हणायचे?” म्हणाले आणि हसले.

आमच्या वाहनचालकाला आम्ही आधीच सांगणार आहोत की रस्ता सोडून गवतात गाडी घालायची नाही आणि फोटोसाठी पक्ष्यामागे लागायचे नाही. दुर्बीण शेजाऱ्यांकडून मिळाली आहे. शहरात परतल्यावर उरलेल्या दुपारी बाडमेर रस्त्यावरील आकल येथे जाऊ. तिथे सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके पडून आहेत. वाळवंटाच्या जागी एके काळी जंगल होते, हे धाकट्याला दाखवायचे आहे.

वाचकांपैकी कोणी जाणार असतील तर त्यांनीही थंडीतच जावे, घाई ठेवू नये आणि पक्षी दिसला नाही म्हणून सहल वाया गेली असे मानू नये. आणि आणखी एक सांगणे. आपल्या घरातल्या आजोबा-आजींनी, अज्जा-अज्जींनी कधी माळढोक पाहिला असेल तर त्यांना गाव आणि साल विचारून वहीत लिहून ठेवा. मामांनी सांगितलेली चार रानांची नावे मी लिहून घेतली आहेत. परतल्यावर, त्यांच्या गुडघ्यांनी साथ दिली तर, राणेबेन्नूरकडची ती रानेही पाहून यायची आहेत.