नायक, असत्य आणि नागरिक

ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘द डार्क नाइट’ (२००८) या चित्रपटाच्या राजकीय अर्थाविषयी विद्यार्थ्यांशी माझा वाद होतो. बॅटमन शहरातील प्रत्येक मोबाइलला हेरगिरीचे साधन बनवतो. अँड्र्यू क्लेव्हन यांनी त्याच वर्षी या नायकात जॉर्ज बुश यांचा गौरव वाचला. उलट, काम संपताच ते यंत्र नष्ट होते, याकडे विद्यार्थी लक्ष वेधतात. मला दोन्ही अन्वयार्थ अपुरे वाटतात. या संहितेचे राजकारण यंत्रात नाही, शेवटात आहे. दोन बोटींवरील माणसे, त्यांपैकी एकीवर तर कैदी, परस्परांना उडवून देणारी कळ दाबत नाहीत. येथे संहिता सामान्य नागरिकावर विश्वास टाकते. परंतु हार्वे डेंटने केलेल्या हत्या लपवताना बॅटमन आणि गॉर्डन त्याच नागरिकाला सत्य पेलणार नाही, असे गृहीत धरतात. ‘द डार्क नाइट राइजेस’ (२०१२) मध्ये त्या असत्यावरच कठोर कायदा उभा राहिलेला दिसतो. वाचकाला कोणता अर्थ पेलेल हे परस्पर ठरवण्याचा मोह साहित्याच्या अध्यापकालाही परका नसतो. म्हणूनच हा वाद मला केवळ चित्रपटापुरता वाटत नाही. जनतेच्या वतीने सत्य झाकणारा अखेर त्या असत्याचा विश्वस्त होऊन बसतो.