फाउंड्री कोव्हचा गाळ

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलहून हडसन लाइनची गाडी पकडली की सव्वा तासात कोल्ड स्प्रिंग येतं. जाताना डावीकडे बसा, कारण नदी त्या बाजूला असते आणि अर्ध्याहून अधिक वाट ती खिडकीला चिकटून चालते. आपल्या मंडळातली बरीच मंडळी ऑक्टोबरात इकडे येतात, ती पानांचे रंग बघायला किंवा ब्रेकनेक रिजवर गुडघे फोडून घ्यायला. मेन स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकानं, आइस्क्रीम, समोर स्टॉर्म किंगचा डोंगर. फोटो काढून सगळे संध्याकाळच्या गाडीने परत.

मी मात्र यंदा आप्पांना घेऊन गेलो ते गाळ बघायला. आप्पा म्हणजे माझे वडील, वय ८१. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नोकरी, त्यामुळे टाइम्स स्क्वेअर त्यांनी दहा मिनिटांत उरकला. ‘हडसनच्या एका खाडीतून कॅडमियमचा गाळ उपसलाय,’ असं म्हटल्यावर मात्र त्यांनी स्वतःहून बूट घातले.

स्टेशनपासून दक्षिणेकडे थोडं चाललं की वेस्ट पॉइंट फाउंड्रीचे अवशेष लागतात. १८१७ च्या सुमारास सुरू झालेली ही ओतशाळा. इथल्या पॅरट तोफा यादवी युद्धात गाजल्या. आता झाडीत विटांच्या भिंती उभ्या आहेत आणि पाट्या वाचत लोक फिरतात. या इतिहासाचं कौतुक खूप होतं. त्याच्या शेजारचा दुसरा इतिहास फारसं कुणी विचारत नाही.

१९५२ साली अमेरिकन सैन्यासाठी गावात बॅटऱ्यांचा कारखाना उभा राहिला. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या, नाइके क्षेपणास्त्रांसाठी. मालक बदलत गेले, शेवटचं नाव मॅरेथॉन बॅटरी. १९७९ पर्यंत कारखान्याचं सांडपाणी नळातून फाउंड्री कोव्ह नावाच्या लहानशा खाडीत जात होतं. सुमारे ५० टन कॅडमियम-निकेलचा कचरा त्यातून गेला. दलदलीतल्या गाळाचे नमुने घेतले तेव्हा सर्वांत वाईट जागी दर किलोला १ लाख ७१ हजार मिलिग्रॅम कॅडमियम निघालं. म्हणजे शेकडा सतरा. हा आकडा ऐकून आप्पा म्हणाले, “अरे, याला गाळ नाही, खनिज म्हणतात.”

समुद्र इथून ऐंशी किलोमीटर लांब, तरी हडसनला इथे भरती-ओहोटी येते. पाणी दिवसातून दोनदा वर चढतं, दोनदा उतरतं. खाडीच्या तोंडावरून रेल्वेचा बांध गेला आहे आणि पाणी फक्त एका पुलाखालून आत-बाहेर करतं. त्यामुळे पुष्कळसा धातू आतच अडकून बसला. कॅडमियम पाण्यात फार काळ तरंगत राहत नाही, बारीक चिखलाच्या कणांना धरून तळाला बसतं. वरचं पाणी म्हणूनच नितळ दिसू शकतं. आम्ही गेलो तेव्हा एक बगळा उभा होता, अगदी कॅलेंडरवरचा.

पहिला उपसा १९७२-७३ मध्ये झाला. सरकारने कोर्टात खेचल्यावर थोडा गाळ काढला आणि कारखान्याच्याच आवारात चिकणमातीचं अस्तर केलेल्या खड्ड्यात पुरला. खाडीत बाकी होतं ते तसंच राहिलं. १९८३ मध्ये ही जागा सुपरफंडच्या यादीत गेली, म्हणजे देशातल्या सर्वांत विषारी जागांच्या यादीत. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला १९९३ उजाडलं. ते दोन वर्षं चाललं, आणि तो पुरलेला गाळही पुन्हा उकरावा लागला.

आप्पांना रस होता तो पद्धतीत. खाडीचा वरचा साधारण फूटभर थर काढला, कारण बहुतेक कॅडमियम तेवढ्यातच होतं. फार खोल खणावं तर खालचा स्वच्छ चिखल ढवळून निघतो. काढलेला गाळ निथळवला. मग त्यात रसायन मिसळून कॅडमियम असं बांधून टाकलं की पावसाच्या पाण्याने ते सुटू नये. नंतर रेल्वेच्या डब्यांत भरून तो दूरच्या भरावभूमीत नेला. दलदलीत किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर कॅडमियम असलेली माती उचलली, वर बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीची चादर अंथरली, तिच्यावर स्वच्छ माती आणि मग पाणगवताची लागवड. पलीकडची कॉन्स्टिट्यूशन मार्श ही मोठी पाणथळ मात्र मुद्दाम खणली नाही, कारण तिथे विषापेक्षा यंत्रांनीच जास्त नासधूस झाली असती. सगळा खर्च दहा कोटी डॉलरच्या आसपास गेला.

“म्हणजे विष गेलं नाही, फक्त हललं,” आप्पा म्हणाले. धातू जळत नाही, कुजत नाही, तेव्हा दुसरं होणार काय? पण मला वाटतं, आप्पांना टोचत होतं ते वेगळंच. आपल्याकडे गाळ ही लक्ष्मी. तलावातला गाळ काढून शेतात टाकायचा, पूर ओसरल्यावर काठावर गाळपेर करायची. ज्या माणसाने शेतकऱ्यांना गाळ न्यायला गाड्या मिळवून दिल्या, त्याला गाळ रसायनात बांधून पुरायचा ही कल्पनाच जड जात होती.

या खाडीतली सगळ्यात नवलाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. चिखलात लिम्नोड्रिलस नावाचा दोऱ्याएवढा किडा राहतो. एवढ्या कॅडमियममध्ये तो मरायला हवा होता, पण तो मजेत होता. स्टोनी ब्रुक विद्यापीठाचे जेफ्री लेव्हिंटन आणि पॉल क्लेर्क्स यांनी दाखवलं की या किड्यांत प्रतिकार पिढीजात उतरला होता, आणि तोही अवघ्या काही पिढ्यांत. धातू शरीरात प्रथिनांना आणि गंधकाच्या कणांना बांधून ठेवायचा, ही त्यांची युक्ती. किडा वाचतो, पण त्याला खाणाऱ्या कोळंबीच्या पोटात ते कॅडमियम जातं. सफाईनंतर नऊ ते अठरा पिढ्यांत तो प्रतिकार जवळजवळ नाहीसा झाला. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सफाई झाली याची साक्ष मला कुठल्याही सरकारी शिक्क्यापेक्षा या किड्याची जास्त पटते.

किड्यावरून खेकड्यावर यावंच लागतं. हडसनमध्ये निळे खेकडे मिळतात आणि आपल्यातले मालवणी लोक ते सोडत नाहीत. न्यूयॉर्क राज्याचा सल्ला असा आहे की खेकड्यातला हिरवट-पिवळा मगज खाऊ नये आणि शिजवलेलं पाणी फेकून द्यावं, कारण कॅडमियम तिथे साठतं. रस्सा फेकून द्या! हे मी एका मालवणी मित्राला सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच खाडीत कॅडमियम सोडलं होतं. पण हसण्यावारी नेण्याजोगं हे नाही. जपानच्या जिंझू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम भातात उतरलं, आणि माणसांची हाडं इतकी ठिसूळ झाली की त्या रोगाचं नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, असं पडलं.

आम्ही बाकावर बसलो. आमचं घर अंबरनाथचं. शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी आप्पांनी स्वच्छ पाहिली आहे, नंतर तिचे रंग बदलतानाही पाहिले आहेत. २०१४ मध्ये उल्हासनगरात टँकरने नदीत रसायन ओतलं आणि शेकडो माणसं गुदमरली, तेव्हा आई-आप्पा रात्रभर खिडक्या लावून बसले होते.

“इथे नळ कधी बंद झाला म्हणालास?”

“१९७९.”

“आणि उपसा?”

“त्र्याण्णव.”

आप्पांनी बोटं मोजली. “चौदा वर्षं. म्हणजे वालधुनीचे नळ आज बंद झाले, तर मी ९५ चा असेन.” मग थोडा वेळ ते पुलाखालून आत शिरणाऱ्या भरतीच्या पाण्याकडे बघत राहिले. “त्या किड्याचं नाव लिहून दे मला,” ते म्हणाले, “आणि गाडी किती वाजता आहे?”