दाराजवळची जागा

माझ्या डोक्यावरचे केस कपाळापासून मागे सरकत सरकत आता टाळूच्या पलीकडे गेले आहेत. वर्गात मी फळ्याकडे तोंड केले की मागच्या बाकांवर खसखस पिकते, आणि तिचा विषय मला पाठमोऱ्यानेही कळतो. मी रागावत नाही. वडिलांचे टक्कल मी पाहिले, आजोबांचेही मला आठवते. वडिलोपार्जित इस्टेटीतला एवढा एकच वाटा भाऊबंदांशी कज्जा न करता माझ्या पदरात पडला आहे. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या टकलाला लोक हसतात खरे, पण हसता हसता शेजारी बसू देतात.

माझे पहिले टक्कल मात्र असे नव्हते. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. परभणी जिल्ह्यातले आमचे गाव गोदेच्या काठचे. एका सकाळी पारावर न्हाव्यापुढे मान घालून बसलो असता त्याची कात्री डाव्या कानामागे एकाएकी थांबली. "पोराला चाई लागली," तो वडिलांना म्हणाला. रुपयाएवढी जागा अगदी गुळगुळीत झाली होती. चाईचा किडा असतो, तो रात्री केस कुरतडतो, आणि एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जातो, हे शास्त्र त्या काळी साऱ्या गावाला पाठ होते.

मग उपाय सुरू झाले. आई गुंजा सहाणेवर उगाळून त्याचा लेप लावी. दुसऱ्या दिवशी कांदा चोळी. आग होऊन डोळ्यांत पाणी येई, तेव्हा आजी म्हणे, "किडा मरायलाय." शाळेतही हा किडा पोहोचला होताच. मास्तरांनी मला रांगेतून उठवून दाराजवळ बसवले. दारातून येणारी उन्हाची तिरीप फरशीवरून कशी सरकत जाते, हे त्या सहा महिन्यांत मी जितके नीट पाहिले, तितके भूगोलाच्या पुस्तकातही पुढे कधी पाहिले नाही. शेवटी त्या जागेवर पांढरी मऊ लव आली, आणि हळूहळू ती काळी झाली. आईने श्रेय गुंजेला दिले, आजीने नवसाला. मी मात्र वर्ष संपेपर्यंत दाराजवळच राहिलो. मला परत आत बोलवावे, असे कोणाला सुचले नाही.

हे सारे मी विसरलो होतो, असे मला वाटत होते.

२०२४ च्या डिसेंबरअखेर बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून चमत्कारिक बातम्या येऊ लागल्या. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत बायका-माणसांचे, लेकरांचे केस मुठीमुठीने हातात येऊ लागले होते. तीन-चार दिवसांत डोके मोकळे होई. कोणी म्हणाले पाणी वाईट, कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी नव्या विषाणूचे नाव घेतले. शास्त्रज्ञांची पथके आली, पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने गेले. त्या गावांशी सोयरीक करायला लोक कचरतात, असेही कानावर येत होते.

भीतीला मैलाचे दगड मोजावे लागत नाहीत. जानेवारीत ती आमच्या गावात येऊन पोहोचली. नेमकी त्याच सुमारास माझ्या पाचवीच्या वर्गातली एक मुलगी डोक्याला घट्ट स्कार्फ बांधून येऊ लागली. मला वाटले, थंडीमुळे असेल. एका मधल्या सुट्टीत कोणीतरी तो ओढला. टाळूच्या उजव्या बाजूला चांगली दोन रुपयांएवढी जागा चकचकत होती.

दुसऱ्या दिवशी चार-पाच पालक दारात उभे. "गुर्जी, तिला बाजूला बसवा. आमच्या लेकरायला लागंल."

आता खरे सांगायचे ते असे, की मी तिला बाजूला बसवले. कोणी मला धमकी दिली नव्हती. मुख्याध्यापकांचा हुकूम नव्हता. मलाच भीती वाटली होती. "चार दिवस तिकडं बस हं बाळ," मी म्हणालो, आणि माझे बोट आपसूक दाराकडे गेले. तिने काही विचारले नाही. दप्तर उचलले, दाराजवळ जाऊन बसली, आणि बाहेर बघू लागली. त्या वेळी माझ्या कानामागे काहीतरी चुरचुरले. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आलीच नाही.

पाचव्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. आई ओसरीवर सहाणेपाशी बसली होती, आणि सहाणेवर गुंजा होत्या! पोरीच्या टाळूची कातडी लाल होऊन सोलली होती. मी त्या बाईला म्हणालो, "आक्का, हे थांबवा. उद्या मी येतो, परभणीला जाऊ." ती म्हणाली, "गुर्जी, तुमी बी तिला भाईर बसवलं." यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

परभणीच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी मुलीला जवळ ओढले, तिचे डोके दोन्ही हातांत धरले आणि बोटांनी केस सारून भिंगातून पाहिले. हातांत मोजेसुद्धा घातले नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या आईने पदर डोळ्यांना लावला. कित्येक दिवसांत घराबाहेरच्या माणसाचा हात पोरीच्या डोक्याला लागला नव्हता. मला एकदम गंगाखेडच्या जनाबाईची आठवण झाली. ती आमच्याच जिल्ह्याची. विठोबा तिची वेणी घालतो, डोक्यातल्या उवा काढतो, ही कथा लहानपणी कीर्तनात ऐकून आम्ही पोरे हसत असू. हसण्यासारखे तिच्यात काही नव्हते, हे मला त्या दवाखान्यात समजले.

माझे शास्त्राचे शिक्षण मॅट्रिकपुरते. पण बाईंनी समजावले ते मला नीट कळले. चाईत किडा नसतो, बुरशी नसते. शरीराचे जे शिपाई बाहेरच्या जंतूंशी लढायचे, तेच चुकून केसाच्या मुळावर चाल करून जातात. मूळ मरत नाही, दबून राहते. कडेचे आखूड केस त्यांनी मला भिंगातून दाखवले, वर जाड आणि मुळाशी निमुळते, हुबेहूब उद्गारचिन्हासारखे. व्याकरण शिकवणाऱ्या मला ही खूण जन्मभर पुरेल. खवडा निराळा. त्यात खपल्या असतात, केस मुळाजवळ तुटतात, खाज येते. तो बुरशीचा, तो मात्र एकाचा दुसऱ्याला लागतो, आणि बुरशी केसाच्या आत शिरत असल्यामुळे नुसत्या मलमाने जात नाही. काही आठवडे पोटात औषध घ्यावे लागते. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, ते आणखी निराळे, आणि ते बहुधा आपोआप परत येतात. रोज पन्नास-शंभर केस तर निरोगी माणसाचेही गळतात. जुन्या वैद्यकात चाईला इंद्रलुप्त म्हणतात आणि गुंजेचा लेपही सांगितला आहे. पण गुंज विषारी, कच्ची उगाळून लेकराच्या कातडीवर घासायची वस्तू नव्हे.

"मग ही लागत नाही?" मी पुन्हा विचारले.

"तुमचं टक्कल जेवढं लागतं तेवढीच!" बाई म्हणाल्या. मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

त्यांनी मलम दिले. लहान डाग पुष्कळदा वर्षाच्या आत आपणहून भरून येतो, थोड्यांचा वाढतही जातो, म्हणून दाखवत राहा, असे सांगितले.

पुढच्या महिन्यात बुलढाण्याच्या प्रकरणातही एक निष्कर्ष पुढे आला. विंचूदंशावरच्या कामामुळे जगभर माहीत झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आमच्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. त्यांनी स्वतः त्या गावांत जाऊन नमुने तपासून घेतले आणि सांगितले, की रेशनवर आलेल्या गव्हात सेलेनियम स्थानिक गव्हाच्या मानाने कित्येक पटींनी जास्त आहे. हा गहू पंजाबकडून आलेला, असे त्यांचे म्हणणे. सेलेनियम शरीराला लागते, पण मायक्रोग्रॅममध्ये, कणाच्याही कणाएवढे. जास्त झाले की केस जातात, नखेही जातात. एप्रिलमध्ये त्याच गावांतून नखे गळाल्याच्या बातम्या आल्या. पुष्कळांचे केस मात्र तोवर पुन्हा उगवू लागले होते. म्हणजे त्या लोकांनी एकमेकांना काही लावले नव्हते. त्यांच्या ताटात एकच भाकर होती, एवढाच त्यांचा संबंध. आम्ही मात्र कणगीत डोकावण्याआधी शेजाऱ्याच्या डोक्याकडे बघितले.

परभणीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मुलगी आईचा हात धरून शाळेत आली आणि मुकाट्याने दाराकडे वळली. मी तिला थांबवले. मुलांना चाई म्हणजे काय ते सांगितले, फळ्यावर एक मोठे उद्गारचिन्ह काढले. मग माझा डावा कान पुढे वाकवून म्हणालो, "मलाही इथं लागली होती, तुमच्याएवढा असताना." पोरे बाक सोडून बघायला धावली. तिथे आता बघण्यासारखे काही नव्हते.

"आणि हिला मी तिकडं बसवलं, ती माझी चूक होती," मी म्हणालो. वर्ग गप्प झाला. मास्तर चुकतात हे मुलांना माहीत असते. मास्तरांना ते माहीत असते, हे मात्र त्यांना नवे असावे.

ती मुलगी तेवढ्यात म्हणाली, "सर, तुम्हाला कुठं बसवलं होतं?"

"दाराजवळ."

तिने दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि दप्तर घेऊन आपल्या जुन्या बाकावर गेली. शेजारची मुलगी थोडी सरकली. जागा देण्यासाठी की दूर होण्यासाठी, ते मला कळले नाही. ते कळायला पुढे महिनाभर लागला. एका दुपारी दोघींचे डबे एकत्र उघडलेले दिसले.

उन्हाळ्यात त्या जागेवर पांढरी लव आली. "पोरगी माझ्याआधी म्हातारी झाली," असे आई हसत हसत सांगत होती. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. दिवाळीच्या सुट्टीआधी ती सहावीच्या वर्गातून मुद्दाम मला दाखवायला आली. केस काळे झाले होते, पण वेणीत बसण्याइतके लांब नव्हते. रिबिनीतून सुटून कपाळावर येत होते. तिने ते हाताने मागे सारले आणि विचारले, "सर, तुमचे कधी येणार?"